एकाच टेबलाशी दोन नाती जोडताना या चुका टाळा

वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीच्या मुखाशी जयगड–तवसाळ. अशा फेरीबोटींचं वेळापत्रक जँगोत (वेबसाइट बनवायची पायथनमधली चौकट) मांडायला दोन मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं, पुरतात: धक्का आणि फेरी. फेरी एका धक्क्यावरून सुटते, दुसऱ्याला लागते. म्हणजे फेरीत दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारी फील्ड), दोन्ही धक्क्याकडेच. घोळ इथूनच सुरू होतो.

पहिला घोळ निदान ओरडून सांगतो. दोन्ही की नुसत्या लिहून ठेवल्या तर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) बनण्याआधीच फील्ड्स.ई३०४ ही एरर येते, कारण धक्क्याकडून उलट बघायला जँगो दोन्ही नात्यांना एकच नाव देतो, ‘फेरी_सेट’. उपाय आहे रिलेटेड_नेम, म्हणजे उलट नात्याला आपण दिलेलं नाव. घाईत लोक ‘फेरी१’, ‘फेरी२’ लिहून मोकळे होतात, आणि मग कुठली सुटणारी नि कुठली येणारी हे दर वेळी मॉडेल उघडून बघत बसतात. नाव धक्क्याच्या बाजूने वाचून ठरवा: ‘सुटणाऱ्या_फेऱ्या’, ‘येणाऱ्या_फेऱ्या’. उलट नातं नकोच असेल तर अवतरणात नुसतं अधिकचं चिन्ह द्या.

चालू प्रकल्पात हे नाव बदलताना जपून. पायथनमधला जुना उल्लेख एरर देतो, टेम्प्लेट (पानाचा साचा) देत नाही. तिथे न सापडलेलं नाव म्हणजे रिकामी जागा. पान उघडतं, वर शीर्षक दिसतं, खाली एकही फेरी नाही. डेटा उडाला म्हणून बॅकअप काढायला धावण्याआधी टेम्प्लेटांत ‘फेरी_सेट’ शोधा.

एसक्यूएलअल्केमीत (पायथनमधली डेटाबेसची दुसरी लायब्ररी) हाच प्रश्न अँबिग्युअस फॉरेन कीज एरर म्हणून येतो. फॉरेन_कीज हा पॅरामीटर दोन्ही बाजूंच्या रिलेशनशिपना द्यावा लागतो, एकाच बाजूला देऊन भागत नाही. बॅक_पॉप्युलेट्सच्या (कुठलं नातं कुणाची उलट बाजू हे सांगणाऱ्या पॅरामीटरच्या) जोड्याही नीट जुळवा. त्या उलटसुलट झाल्या तर दाभोळहून सुटणारी फेरी दाभोळच्याच ‘येणाऱ्या’ यादीत जाऊन बसते.

सगळ्यात वाईट चूक मोजणीतली, कारण आकडा येतो आणि खरा वाटतो. समजा एका धक्क्यावरून १२ फेऱ्या सुटतात, १० येतात. जँगोत एकाच ॲनोटेटमध्ये (प्रत्येक नोंदीला हिशेबाचा आकडा जोडणारी क्वेरी) दोन्हींचा काउंट घेतला तर दोन्ही रकान्यांत १२० येतात. दोन जॉइन (टेबलांच्या जोडण्या) एकत्र लागल्यावर प्रत्येक सुटणारी फेरी प्रत्येक येणारीशी जोडली जाते, आणि मोजली जाते ती ही जोड्यांची गर्दी. काउंटमध्ये डिस्टिंक्ट (एकच गोष्ट एकदाच मोजा) ट्रू केलं की १२ आणि १० मिळतात. तिकिटांच्या रकमेची बेरीज हवी असेल तर मात्र डिस्टिंक्टच्या वाटेला जाऊ नका: सारख्या रकमा एकदाच धरल्या जातील. तिथे सबक्वेरीच (क्वेरीच्या आतली वेगळी क्वेरी) लिहा.

जँगो २.० पासून फॉरेन कीला ऑन_डिलीट, म्हणजे पलीकडची नोंद पुसली तर काय करायचं, हे लिहावंच लागतं, म्हणून बहुतेक जण सवयीने कॅस्केड (जोडलेल्या नोंदीही पुसा) लिहितात. पावसाळ्यात धोपाव्याचा धक्का बंद म्हणून कुणी ती नोंदच पुसली, तर तिथून सुटणाऱ्या फेऱ्यांबरोबर दाभोळहून तिथे येणाऱ्याही गेल्या. दोन्हीकडे प्रोटेक्ट (जोडलेल्या नोंदी असताना पुसू देऊ नका) ठेवा आणि ‘बंद आहे’ असं वेगळं फील्ड द्या.

आणि दाभोळहून सुटून दाभोळलाच लागणारी फेरी ओआरएम (मॉडेल आणि डेटाबेस जोडणारा जँगोचा भाग) खुशाल साठवतो. दोन्ही धक्के वेगळे असलेच पाहिजेत, असा चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच तपासायची अट) डेटाबेसवर लावा; फॉर्ममधल्या तपासणीवर विसंबू नका, कारण बल्क_क्रिएट (एकदम बऱ्याच नोंदी साठवणं) फॉर्मच्या वाटेने जात नाही.