आधी पान सोडायला शिकवा: इंग्रजीच्या तासाला माध्यमसाक्षरता

माध्यमसाक्षरतेसाठी, म्हणजे बातमी, जाहिरात, संकेतस्थळ यांवर किती भरवसा ठेवायचा हे शिकवण्यासाठी, वेगळा आठवडा मागू नका. मिळणार नाही, आणि मिळाला तरी आठव्या दिवशी मुलं सगळं विसरलेली असतील. नेहमीच्या धड्यांच्या अधेमधे पंधरवड्यातून एक तास, असं वर्षभर चालवा. भित्तिपत्रकं, घोषवाक्यं, ‘खोट्या बातम्यांचे दुष्परिणाम’ यावर निबंध हे सगळं गाळा. त्यातून मुलं फक्त शिक्षकांना आवडणारी वाक्यं लिहायला शिकतात, आणि ती त्यांना आधीच येतात.

सुरुवात व्याकरणापासून करा. एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या घ्या, वर्तमानपत्रांची नावं झाका आणि एकच प्रश्न विचारा: कर्ता कुठे गेला? ‘मिस्टेक्स वेअर मेड’. चुका झाल्या खऱ्या, पण केल्या कोणी? पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे वाक्यं उलटी करण्याचा कंटाळवाणा उद्योग, असं समजणारी मुलं इथे पहिल्यांदा कान टवकारतात. मग एकाच विधानाच्या आधी ‘सेड’, ‘क्लेम्ड’ आणि ‘अ‍ॅडमिटेड’ लावून बघायला सांगा. हे आपलं घरचं मैदान आहे, फार सांगायला नको.

दुसऱ्या तासाला जाहिरात आणि बातमी वेगळी करायला लावा. सोपं वाटतं, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या (साधारण सहावी ते आठवीच्या) मुलांना ‘स्पॉन्सर्ड कंटेंट’ असं स्पष्ट लिहिलेला मजकूर दाखवला, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त मुलांना ती बातमीच वाटली. ‘याचे पैसे कोणी दिले’ ते सांगणाऱ्या शब्दांभोवती पेन्सिलने गोल करायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरी अडचण. अनोळखी संकेतस्थळ विश्वासाचं आहे की नाही, हे ठरवायला शिकवणं.

इथे मी तीन-चार वर्षं सपशेल चुकत होतो. माझ्याकडे एक तपासणी यादी होती. तसल्या याद्या सगळीकडे मिळतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयातून आलेली ‘क्रॅप’ चाचणी. त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ (घाण, कचरा) मुलांना फार आवडतो, यादीचा उपयोग बहुतेक तेवढाच. तारीख आहे का, लेखकाचं नाव आहे का, संदर्भ दिलेत का, शुद्धलेखन बरं आहे का. माझ्या वर्गातल्या एका अतिशय मेहनती मुलीने या यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे बरोबरची खूण करून एक संकेतस्थळ वर्गापुढे मांडलं. पत्त्यात डॉट ओआरजी, खाली वीस संदर्भ, इंग्रजी माझ्याहून चांगलं. ते एका उद्योगाने स्वतःचा माल खपवण्यासाठी उभं केलेलं दुकान होतं. तिची काहीच चूक नव्हती. मी सांगितलं तेच तिने केलं होतं. डॉट ओआरजी कोणालाही विकत मिळतं, आणि शुद्ध इंग्रजी तर आता यंत्रही लिहून देतं.

गोम अशी आहे की आपण इंग्रजीचे शिक्षक आयुष्यभर एकच गोष्ट शिकवतो: मजकुराजवळ थांबा, बारकाईने वाचा, ओळींच्या मधलं शोधा. कवितेला हे लागू आहे. अनोळखी संकेतस्थळाला नाही. तिथे जितकं जवळून वाचाल तितके त्याच्या सजावटीत अडकाल. स्टॅनफर्डच्याच गटातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्र्यू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ जणांना कामाला बसवलं: १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळं समोर ठेवली. एक संस्था १९३० पासूनची मोठी आणि मान्यवर, दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली छोटी. नावं मात्र जवळपास सारखी. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना फुटीर संस्थाच अधिक भरवशाची वाटली, आणि इतिहासतज्ज्ञही गोंधळले. तपासनीस गोंधळले नाहीत, कारण ते ते पान वाचत बसलेच नाहीत. नवी टॅब उघडून त्यांनी बाकीचं जग या संस्थेबद्दल काय म्हणतं ते आधी पाहिलं.

तेव्हा शिकवायचं ते हे. पान उघडल्यावर अर्धा मिनिट, मग ते सोडायचं. शोधखिडकीत संस्थेचं नाव टाकायचं आणि पहिल्याच निकालावर बोट ठेवायचं नाही. आधी निकालांचं अख्खं पान नजरेखालून घालायचं: कोण बोलतंय, कोणत्या सुरात. विकिपीडियावर बंदी घालणाऱ्या सहकाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. ‘ही संस्था कोणाची’ एवढं कळायला ते पान बहुतेक वेळा पुरतं, आणि तळाशी पुढच्या वाटा असतात.

हे पडद्यावर स्वतः करून दाखवा, तेही तुम्ही आधी न पाहिलेल्या पानावर. मुलांपैकी कोणालाही पत्ता सांगू द्या. मी सुरुवातीला घरून तालीम करून यायचो. मुलांना वाटायचं, सरांना सगळं ठाऊकच असतं. ज्या दिवशी मी त्यांच्यासमोर फसलो, चुकीच्या टॅबमध्ये पाच मिनिटं घालवली आणि परत फिरलो, त्या दिवशी त्यांना पद्धत कळली. वर्गात इंटरनेट नसेल तर पानाची छापील प्रत द्या आणि सोबत पाकिटात इतरांनी त्याबद्दल लिहिलेल्या चार चिठ्ठ्या. पाकीट उघडल्याशिवाय मत द्यायचं नाही.

एक सल्ला हमखास मिळेल: झाडावर राहणाऱ्या, मुळात नसलेल्याच ऑक्टोपसचं १९९८ पासूनचं गमतीचं पान दाखवा. नका दाखवू. मुलांना तेवढंच कळतं की सर फसवतात.

याच टप्प्यावर दुसरा खड्डा आहे, आणि तो पहिल्याहून खोल. मी दहा बातम्यांची चाचणी काढली होती, दहाही खोट्या. वर्गाला भरभरून गुण पडले आणि मी खूश. पुढच्या खेपेला सहज म्हणून पाच खऱ्या घातल्या. गुण कोसळले. वर्षभर मी त्यांना तपासायला नाही, सरसकट ‘खोटं’ म्हणायला शिकवलं होतं. एक मुलगा म्हणालाही, “सर, सगळेच विकले गेलेत, मग कशाला बघायचं?” भाबड्या मुलाला सावध करणं सोपं आहे, पण असं बोलणाऱ्याला परत आणणं महाकठीण.

तेव्हापासून निम्मा मजकूर खरा ठेवतो, आणि त्यातला काही ऐकायला अशक्य वाटणारा. १९३२ साली ऑस्ट्रेलियाने एमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले, हे वाचून वर्ग हसतो, ‘खोटं’ म्हणून मोकळा होतो आणि मग शोधायला लागतो. ‘खरं की खोटं’ हा प्रश्नही मी काढून टाकला. त्याऐवजी शून्य ते दहापैकी किती भरवसा, आणि कशावरून?

छायाचित्रांना एक तास पुरतो. फोटोवरून उलट शोध घ्यायचा, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच शोधखिडकीत टाकून तो आधी कुठे आलाय ते बघायचं. बहुतेक वेळा फोटो खरा असतो, खालची ओळ दुसऱ्याच गावाची किंवा वर्षाची. १९१७ साली इंग्लंडमधल्या दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून फोटो काढले आणि त्यावर शेरलॉक होम्सच्या जनकानेही विश्वास ठेवला. एवढं सांगितलं की फसणाऱ्याला लाज वाटत नाही.

शेवटी गृहपाठ: एक दावा, आणि तो तपासताना कुठून कुठे गेलो याची नोंद, वाया गेलेल्या टॅबांसकट. गुण त्या वाटेला द्या. उत्तर चुकलं पण वाट नीट असेल तर मी दहापैकी सात देतो. उत्तर बरोबर आणि वाट कोरी असेल तर दोन. पहिल्या खेपेला वर्गातली हुशार मुलं भांडायला येतात. येऊ द्या, पण गुण बदलू नका.