परदेशी सायकलिंग कपडे आपल्याकडे महाग का पडतात? किंमत स्वतः उलगडून पाहा

इटलीत शिवलेली तीच जर्सी, तोच रंग, तोच साइज. मिलानमध्ये एक किंमत, लंडनमध्ये दुसरी आणि पुण्यात तिसरी. दुकानदार लुटतो असा पहिला समज होतो. पण किंमत कशाकशाची बनली आहे हे सुटे करून पाहिलं तर बराचसा फरक दुकानाच्या दारापर्यंत येण्याआधीच पडलेला दिसतो. हा हिशेब कोणालाही घरी बसून करता येतो. महागाची बिब शॉर्ट्स (खांदपट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) घेण्याआधी तो एकदा करावाच, असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी : परदेशातला कर बाजूला काढा

युरोपातल्या संकेतस्थळावरच्या किमतीत तिथला व्हॅट धरलेला असतो. इटलीत तो २२ टक्के, जर्मनीत १९, हंगेरीत २७. अमेरिकेतल्या किमतीत मात्र विक्रीकर नसतो, तो बिल करताना राज्याप्रमाणे लागतो. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना मुळातच चुकते.

माल युरोपाबाहेर जाणार असेल तर विक्रेता व्हॅट वगळू शकतो. तो काढताना २२ टक्के वजा करू नका, १.२२ ने भागा. १२२ युरोंची जर्सी १०० युरोंची होते. पत्ता भारताचा टाकल्यावर आकडा खाली येतो का, ते पैसे भरण्याआधी बघा. येत नसेल तर तुम्ही इटलीचाही कर भरताय आणि भारताचाही.

दुसरी पायरी : कॉलरच्या आतलं लेबल वाचा

सीमाशुल्क ठरतं ते कपडा कुठे तयार झाला आणि कशाचा आहे यावर. ब्रँड कोणत्या देशाचा, याला तिथे महत्त्व नाही.

ब्रेक्झिटनंतर हे ठळकपणे दिसलं. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या करारात शुल्क शून्य आहे, पण ते तिथेच तयार झालेल्या मालाला. ब्रिटिश कंपनीने चीनमध्ये शिवून घेतलेली जर्सी ब्रिटनमध्ये येताना १२ टक्के भरते. तीच पुढे फ्रान्सला पाठवली की तिथे पुन्हा १२ टक्के. म्हणून एकाच कंपनीचे दर दोन शेजारी देशांत वेगळे दिसतात.

कापडाचंही तसंच. अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात विणलेल्या सुती टी-शर्टवर १६.५ टक्के आहे, तर कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर ३२. सायकलिंगच्या जर्सी बहुतेक पॉलिस्टरच्या, म्हणजे महागड्या रांगेतल्या. तरीही तिथल्या सायकलस्वारांना परदेशी कपडे वर्षानुवर्षं स्वस्त पडले, कारण ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काविना आत येत होतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली.

आपल्याकडे बांगलादेशात शिवलेल्या कपड्यांना दक्षिण आशियाई करारामुळे मूळ शुल्क माफ आहे. मात्र मे २०२५ पासून ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणता येतात. सीमेवरून ट्रकने येणारा माल समुद्रमार्गे वळला, की वाहतुकीचा खर्च आणि वेळ दोन्ही बदलतात.

तिसरी पायरी : करावर कर कसा चढतो ते मांडा

कागद घ्या. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. व्हॅट काढून जर्सी १०,००० रुपयांची. वाहतूक आणि विमा मिळून १,५०० धरा. भारत सीमाशुल्क लावतो ते वाहतूक-विम्यासह, म्हणजे ११,५०० वर. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आंतरराष्ट्रीय वाहतूक या रकमेतून वगळतात.

बहुतेक कपड्यांवर आपलं मूळ सीमाशुल्क २० टक्के आहे. २०१८ मध्ये ते १० वरून वाढवलं. म्हणजे २,३००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २३०. बेरीज १४,०३०. आता या सगळ्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या कपड्यांना तो १८ टक्के आहे, म्हणजे २,५२५. एकूण १६,५५५. बोलताना ‘वीस टक्के ड्युटी’ म्हणतात, पण १०,००० च्या जर्सीवर ५,००० हून जास्त कर झाला. आणि विक्रेत्याने व्हॅट वगळला नसता तर हाच आकडा तीन हजारांहून अधिक वाढला असता.

हाच माल स्वित्झर्लंडला नेला तर? १ जानेवारी २०२४ पासून तिथे औद्योगिक मालावर, म्हणजे कपड्यांवरही, सीमाशुल्क नाही, व्हॅट ८.१ टक्के. तरी झुरिकमधलं दुकान स्वस्त नसतं, कारण तिथलं भाडं आणि पगार. करावरून सगळं कळत नाही, म्हणून पुढची पायरी.

चौथी पायरी : मधल्या हातांचा हिशेब धरा

माझ्या मते खरी मेख इथे आहे. दुकानात मिळणारी जर्सी आयातदाराने घाऊक भावात आणलेली असते. समजा तिला वाहतुकीसह ५,३०० पडले. शुल्क आणि अधिभार मिळून २२ टक्के धरून ६,४६६. वितरकाने त्यावर २५ टक्के ठेवले, दुकानदाराने ३५, शेवटी जीएसटी. छापील किंमत १२,८७५ होते. शुल्क शून्य असतं तर तीच १०,५५४ झाली असती. सरकारने बंदरावर घेतले १,१६६, पण ग्राहकाच्या खिशातून गेले २,३२१. प्रत्येक हात आपला नफा शुल्कासकट रकमेच्या टक्केवारीत लावतो, म्हणून सुरुवातीला बसलेला कर शेवटपर्यंत फुगत जातो. (आयातीवेळी भरलेल्या जीएसटीची वजावट आयातदाराला मिळते, तो असा फुगत नाही.)

वितरकाला सरसकट दोष देणं मला पटत नाही. त्याला एका डिझाइनचे सगळे साइज ठेवावे लागतात, आणि छोट्या बाजारात टोकाचे साइज पडून राहतात. मोसमाआधी दर ठरवल्यावर रुपया घसरला तर तो फटकाही त्यालाच. मोठ्या बाजारात हा खर्च हजारो नगांवर वाटला जातो, इथे थोड्यांवर. दुकानात पाकिटावरचं स्टिकर मात्र जरूर बघा : आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह एमआरपी. स्टिकरच नसेल तर तो माल कोणत्या वाटेने आला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाचवी पायरी : कुठून घ्यायचं ते ठरवा

घरपोच पार्सल मागवणार असाल तर वरचे दर जसेच्या तसे लावू नका. वैयक्तिक वापराच्या पार्सलसाठी सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९८०४ हा वेगळा क्रमांक आहे. त्यावर अनेक वर्षं ३५ टक्के शुल्क, अधिभार आणि २८ टक्के जीएसटी मिळून ७७.२८ टक्के भरावे लागत. अलीकडे हे दर खाली आले आहेत, त्यामुळे ग्रुपवर फिरणारा जुना हिशेब सोडा आणि मागवण्याच्या दिवशीचा दर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क भरण्याचा आकार वेगळा घेते. ओळखपत्र मागते, ते वेळेत दिलं नाही तर पार्सल अडकतं.

विक्रेत्याला ‘गिफ्ट लिहा’ किंवा ‘किंमत कमी दाखवा’ असं सांगू नका. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढली गेली. खोटी किंमत उघड झाली तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

साइजची खात्री नसेल तर थोडे जास्त देऊन दुकानातूनच घ्या. बिब शॉर्ट्सचे खांदपट्टे एका साइजने चुकले तरी तासाभरात मानेला ओढ बसते, आणि परदेशी परत पाठवलेल्या मालावर भरलेलं शुल्क परत मिळवणं फार कष्टाचं आहे. परदेशातून घरचं कोणी येत असेल तर एखादी जर्सी आणायला सांगणं सरळ आहे. सामानाच्या ठरलेल्या शुल्कमुक्त मर्यादेत ती बसते. क्लबसाठी गठ्ठा मागवला तर तो वैयक्तिक सामान राहत नाही.

शेवटी पैसे कशावर घालायचे तेही बघा. लांबच्या राइडला खरा फरक पडतो तो पॅडने, म्हणजे शॉर्ट्सच्या बैठकीत शिवलेल्या गादीने. ‘इलास्टिक इंटरफेस’सारखे इटालियन पॅड वेगवेगळ्या ब्रँडच्या शॉर्ट्समध्ये बसवलेले असतात. भारतात शिवलेल्या शॉर्ट्समध्ये कोणतं पॅड आहे ते विचारा. पॅड चांगलं निघालं तर आयातीचे पैसे बिबवर घालण्याची गरज नाही, आणि जर्सी तर बिनदिक्कत इथलीच घ्या.