सर्व्हे करताय? बंद घराचं काय करणार ते आधी ठरवा, आणि बाकीच्याही या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी प्रश्नावली पाठवतं, ताई जरा नजर टाका म्हणून, आणि सोबत एक प्रश्न ठरलेला, सॅम्पल किती घेऊ, गावाच्या दहा टक्के पुरेल का? आधी याचंच उत्तर देऊन टाकते. टक्क्यांचा इथे संबंध नाही. साधा हो-नाहीचा प्रश्न असेल आणि उत्तर पाच टक्के इकडेतिकडे झालेलं चालणार असेल तर रँडम निवडलेली ३८५ च्या आसपास माणसं लागतात, मग तालुका असो की अख्खं राज्य. मात्र चार गावांत शंभर-शंभर घरं केली तर ती ४०० मोजू नका. वस्तीत नळाला पाणी येत नसेल तर ते कुणाकडेच येत नाही, शंभर घरं एकच गोष्ट सांगणार. मी वीस गावं आणि गावात वीस घरं असंच करते. गाडीचं डिझेल जास्त जातं, जाऊ दे.

आता ज्या चुकीनं मी सगळ्यात जास्त सर्व्हे वाया गेलेले पाहिलेत ती. घर बंद दिसलं की शेजारचं घेणं.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, एका संस्थेसाठी मुलांच्या शाळेचा सर्व्हे होता. महिना डिसेंबर. ज्यांना बीड माहितीये त्यांच्या एवढ्यावरच लक्षात आलं असेल. दसरा झाला की टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमधून कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ मजुरी आधीच घेतलेली असते, लहान पोरं बरोबर, आणि परत येणं साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात. पहिल्या दिवशी संध्याकाळी टॅबवरचा डेटा बघितला तर जवळपास सगळी पोरं शाळेत, स्थलांतर नाहीच. माझ्या पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी टीमबरोबर गेले. यादीतलं सहावं घर पत्र्याचं, कडीला कुलूप, दाराला बोराटी लावलेली, बाहेरच्या चुलीतली राख गार आणि त्या राखेत कोंबडी निवांत अंग घोळवत बसलेली. म्हणजे दोन महिने तिथं जाळ झालेला नाही. आमचा सर्व्हे करणारा मुलगा थांबला पण नाही, थेट शेजारच्या स्लॅबच्या घरात शिरला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, घर बंद असेल तर शेजारचं घ्यायचं." शेजारी ट्रॅक्टर उभा, दोन पोरं शाळेच्या ड्रेसमध्ये. मी समोरच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "समदे कारखान्याला गेलेत बाई, पाडव्याच्या अंगानं येतील."

त्या गावात वीसपैकी आठ घरं अशी बदललेली निघाली. ज्या पोरांच्या शाळेसाठी सर्व्हे चालला होता त्यांनाच आम्ही एकेक करून यादीतून काढत होतो आणि त्यांच्या जागी शाळेत जाणारी पोरं बसवत होतो! काम थांबवलं, बदललेली घरं डेटातून काढली, बंद घर बंद म्हणूनच नोंदवलं आणि शेजाऱ्यांकडून तीन गोष्टी विचारल्या: कोण राहतं, कुठं गेलेत, पोरं बरोबर नेलीत की आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलीत. हंगाम संपल्यावर पुन्हा जायला बजेट नाही, असं संस्थेवाले म्हणाले. मग मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर बंद घरांचा आकडा घातला, त्यावरून बरंच भांडण झालं, पण मी तो काढला नाही.

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, अशा मोठ्या सर्व्हेत एका क्लस्टरमधून, म्हणजे निवडलेल्या एका गावातून किंवा वस्तीतून, २२ घरं निवडतात आणि निवडलेलं घर बदलायची परवानगीच नसते. त्यामागचं कारण मला त्या राखेपाशी नीट कळलं. तेव्हापासून माझी सवय अशी की एका घराला तीन फेऱ्या, त्यातली एक सकाळी सातच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर, आणि बंद घराला तीन वेगळे कोड: आज बंद, हंगामापुरतं बंद, पडीक. आणि सर्व्हेचा महिना गावाच्या कामाच्या हिशोबानं ठरवायचा. ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचेत म्हणून फिल्डवर जाणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, सरळ काम नाही म्हणते.

याचाच भाऊ म्हणजे मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून उजव्या हाताची घरं घेत जाणं. देऊळ गावठाणात असतं. दलित वस्ती, पारध्यांचा बेडा, रानातल्या वस्त्या गावठाणाबाहेर, तिथपर्यंत तुमचा उजवा हात पोचतच नाही. आधी लिस्टिंग करा, म्हणजे एकूणएक घराची यादी, कंटाळवाणं असतं, दीड-दोन दिवस जातात, तरी करा. मी अंगणवाडी सेविका आणि कोतवाल दोघांना बसवून नकाशा काढून घेते, कारण एकाला जे घर आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. फक्त मुलाखतीला सरपंचांना बरोबर नेऊ नका, त्यांच्या देखत रेशन वेळेवर मिळत नाही असं कोण बोलेल?

२०११ च्या जनगणनेची यादी शहरालगतच्या गावांना अजिबात चालत नाही, नव्या चाळी आणि भाड्याच्या खोल्या त्यात नाहीत. गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून आलेली उत्तरं म्हणजे सॅम्पल नव्हे, कितीही हजार येऊ देत.

आता प्रश्नांकडे. "घरात किती माणसं?" हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि नवीन लोक तो अर्ध्या मिनिटात उरकतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरची रोपं माणूस आतच धरतो. घराचंही तसंच, गडबड सगळी कडेला. पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा आत धरतात, तान्ही मुलगी आणि परत आलेली लेक बाहेर राहते. म्हणून आधी "एका चुलीवर कोण कोण जेवतं" ते विचारते, रेशनकार्ड वेगळी असली तरी, आणि मग एकेकाचं नाव घेऊन "काल रात्री इथंच होते का?"

आठवणीवरचे प्रश्न सांभाळून. १९९९-२००० च्या एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, ५५ व्या फेरीत खाण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा एकाच कागदावर शेजारी-शेजारी विचारला, एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, आणि १९९३-९४ नंतर गरिबी किती घटली यावर पुढं कित्येक वर्षं वाद चालले. एकच मुदत धरा. "गेल्या बारा महिन्यांत" म्हटलं की माणूस नुसता बघत राहतो, "गेल्या दिवाळीपासून" म्हटलं की दवाखान्याची चिठ्ठी शोधायला उठतो.

दोन प्रश्न एकात नकोत. "रस्ते आणि पाणी समाधानकारक आहे का" याला हो आलं तर ते कशाला?

आणि इंग्रजीतून भाषांतर केलेली प्रश्नावली ऑफिसात बसून तपासू नका. मोठ्यानं वाचून दाखवा, शेतावरून आत्ताच आलेल्या बाईला, तिनं पाणी प्यायल्यावर. "आपण कोणत्या शासकीय योजनेचे लाभार्थी आहात" ला ती नाही म्हणाली होती. "बँकेत सरकारकडून काही पैसे येतात का हो?" विचारलं तर उठून पासबुकच घेऊन आली.