केळीच्या पानाचा नेमका तुकडा: ओपनसीव्हीमध्ये आरओआय कसा धरायचा

पावसाळ्यात आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवर करपा आला की पहिला प्रश्न एकच, पान किती टक्के गेलंय? करपा खालच्या पानांवरून सुरू होतो, आधी बारीक पिवळसर रेघा मग तपकिरी डाग, आणि नजरेनं अंदाज घ्यायचा म्हटलं तर दोन माणसं दोन आकडे सांगतात. म्हणून मी मोबाईलचे फोटो घेऊन पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नि तिच्यात फोटोवर काम करायला मिळणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून मोजायला बसलो. रंगावरून डाग ओळखायचा कोड एका संध्याकाळी झाला, पण आकडे सगळे चुकीचे, कारण बागेत खाली वाळलेली पानं पडलेली असतात आणि त्यांचा रंग करप्याच्या डागासारखाच! कोडला सांगावं लागतं की बाबा फक्त या पानाकडे बघ, बाकी फोटो सोड. हेच आरओआय, रिजन ऑफ इंटरेस्ट, आणि माझा खरा वेळ यातच गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

(कोडचे शब्द इथे देवनागरीत दिलेत, टाइप करताना नेहमीची इंग्रजी अक्षरं नि आकडे वापरा.)

सगळ्यात सोपा आरओआय म्हणजे चौकोन. ओपनसीव्हीनं वाचलेला फोटो पायथनमध्ये नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा ॲरे, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांचा तक्ता असतो, त्यामुळे चौकोन कापणं म्हणजे नुसतं स्लाइसिंग, तक्त्यातला कुठून कुठपर्यंतचा भाग हवा ते सांगणं. इथे पहिली ठेच बसते ती क्रमाची. आपण तोंडानं एक्स, वाय म्हणतो पण ॲरेमध्ये आधी ओळी येतात म्हणजे वाय, मग एक्स. आडवा फोटो ४००० रुंद नि ३००० उंच असेल तर शेप विचारल्यावर ३०००, ४०००, ३ असं येतं, आधी उंची (शेवटचे ३ म्हणजे रंगांचे तीन थर). म्हणून

तुकडा = फोटो[वाय : वाय + उंची, एक्स : एक्स + रुंदी]

उलटं लिहिलं तरी बऱ्याचदा एरर येत नाही, भलताच तुकडा मिळतो, आणि फोटोभर हिरवंच असेल तर ते लक्षातही येत नाही.

चौकोन माऊसनं ओढून निवडायचा असेल तर सिलेक्ट आरओआय नावाचं फंक्शन तयार आहे. ओढा, मग स्पेस किंवा एंटर दाबा, ते एक्स, वाय, रुंदी, उंची असे चार आकडे परत देतं. तिसरा नि चौथा आकडा दुसरा कोपरा नाही हं, रुंदी-उंची आहे, त्यामुळे बेरीज करायला विसरू नका. सी दाबून रद्द केलं तर चारही शून्य येतात, तेव्हा पुढे जायच्या आधी रुंदी शून्य आहे का ते तपासा.

आता मोबाईलचा ४००० पिक्सेलचा फोटो लॅपटॉपच्या स्क्रीनवर मावत नाही, अर्धं पान बाहेर राहतं. उपाय म्हणजे फोटो लहान करून दाखवायचा, त्यावर निवडायचं आणि आकडे परत मोठे करायचे. समजा १००० रुंदीचा केला म्हणजे पाव पट. लहान फोटोवर २००, १५०, ३००, २५० मिळाले तर मूळ फोटोवर ते ८००, ६००, १२००, १००० होतात, म्हणजे कापायचं ते

तुकडा = फोटो[६०० : १६००, ८०० : २०००]

मी पहिल्यांदा हे परत मोठं करायचंच विसरलो होतो. कोड बिनबोभाट चालला, फक्त तो पानाऐवजी वरच्या डाव्या कोपऱ्यातलं आभाळ मोजत होता. तेव्हापासून मी चौकोनाचे चार आकडे कधीच सुटे ठेवत नाही, ते कुठल्या फाइलवरचे नि त्या फाइलची रुंदी-उंची किती हे सोबतच लिहितो. कारण चौकोन हा त्या एका मापाच्या फोटोपुरताच खरा असतो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की लहान होऊन येतो आणि जुने आकडे बसत नाहीत, म्हणून शेतातून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दुसरी भानगड उभ्या फोटोंची. मोबाईल कितीदा फोटो आडवाच साठवतो आणि फिरवायची खूण वेगळी लिहून ठेवतो. ओपनसीव्हीचं फोटो वाचायचं फंक्शन इमरीड ती खूण बघून फोटो फिरवून देतं, पिलो या दुसऱ्या लायब्ररीचं ओपन स्वतःहून फिरवत नाही. एकीकडे निवडलेला चौकोन दुसरीकडे वापरला तर सगळं आडवंतिडवं. एकच लायब्ररी धरा, किंवा पिलोमध्ये एक्झिफ ट्रान्सपोज करून घ्या.

कडेच्या पानांचं बघू. एखाद्या डागाभोवती कोडनंच चौकोन काढायचा असेल, डागाचा मध्य ४० वर आणि दोन्हीकडे १०० पिक्सेल हवेत, तर सुरुवात उणे ६० वर जाते. नम्पाय उणे आकडा शेवटाकडून मोजतो, म्हणजे ४००० रुंदीत ३९४० पासून १४० पर्यंत, आणि हातात रिकामा ॲरे येतो. दुसऱ्या कडेला उलट, ३९०० ते ४१०० मागितलं तर तो गुपचूप १००च पिक्सेल देतो. दोन्ही टाळायला सुरुवात शून्याच्या खाली नि शेवट रुंदी-उंचीच्या वर जाऊ देऊ नका, मॅक्स-मिनच्या दोन-चार ओळी आहेत, आळस करू नका.

आणि हे नीट समजून घ्या, कापलेला तुकडा ही वेगळी प्रत नसते, ती मूळ फोटोवरची खिडकी असते. तुकड्यावर लाल रेघ मारली की मूळ फोटोवरही ती उमटते आणि नंतर रंग मोजताना ती रेघही मोजली जाते. मूळ तसंच ठेवायचं असेल तर कॉपी लावा. पण कधी मूळ बदलायचंच असतं, उदाहरणार्थ फोटोत मजुरांचे चेहरे आलेत ते धूसर करायचेत (करावेतच, त्यांना न विचारता फोटो पुढे पाठवू नये). तिथे "तुकडा = धूसर(तुकडा)" लिहिलं तर फक्त नाव नव्या ॲरेला चिकटतं, फोटोतला चेहरा तसाच. परत जागेवर ठेवावं लागतं: फोटो[वाय१ : वाय२, एक्स१ : एक्स२] = धूसर तुकडा.

चौकोनानं माझं काम भागलं नाही, कारण केळीचं पान लांबट, तिरपं, चौकोनात निम्म्याहून जास्त जमीनच येते. तेव्हा मास्क, म्हणजे फोटोवर ठेवायचा साचा, हवा तो भाग पांढरा, बाकी काळा. पानाच्या कडेनं माऊसनं बारा-पंधरा टिंबं घ्यायची, फोटोच्याच उंची-रुंदीचा शून्यांचा एक ॲरे करायचा, युइंट८ (० ते २५५ चे पूर्णांक) प्रकारचा, आणि फिल पॉलीनं टिंबांच्या आतला भाग २५५ करायचा. टिंबं इंट३२ मध्ये हवीत नाहीतर फिल पॉली घेत नाही. आधी चौकोन कापून त्यावर टिंबं घेतली असतील तर ती चौकोनाच्या हिशोबातली आहेत, मूळ फोटोवर न्यायला त्यात चौकोनाचा एक्स नि वाय मिळवा. कंटूर (डागाची बाहेरची रेघ) शोधतानाही हेच, फाइंड कंटूर्सला ऑफसेट (किती सरकवायचं तो आकडा) देता येतो, तो द्या म्हणजे बेरीज विसरायचा प्रश्नच नाही.

आता टक्केवारी. माझ्या नानांना पहिला आकडा दाखवला तर ते म्हणाले, "अरे भो, पान पाहून तर आठ टक्के वाटत नाही, तुझं मशीन काय पाहून राहिलं?" बरोबर होते ते. समजा चौकोनात १,००,००० पिक्सेल, त्यात पान ४०,००० नि डाग ८,०००. मी डागाला अख्ख्या चौकोनानं भागत होतो, आले ८ टक्के, खरे तर २०. मास्क लावून बाहेरचं काळं केलं तरी ते काळे पिक्सेल ॲरेत असतातच, सरासरी काढताना तेही मोजले जातात. म्हणून डागाचा मास्क नि पानाचा मास्क यांचं बिटवाइज अँड करा (दोन्हीकडे असलेलेच पिक्सेल राहतात), त्यातले शून्य नसलेले पिक्सेल काउंट नॉन झिरोनं मोजा, आणि पानाच्या मास्कमधल्या पिक्सेलनी भागा. सरासरी रंग हवा असेल तर ओपनसीव्हीच्या मीन फंक्शनला मास्क देता येतो. रंगासाठी एचएसव्ही (रंगछटा, रंगाचा गडदपणा नि उजेड असे वेगळे आकडे) वापरा, फक्त लक्षात असू द्या की ८ बिटच्या फोटोत ओपनसीव्हीमध्ये एच ० ते १७९ असतो, ३६० नाही, आणि फोटो बीजीआर (निळा, हिरवा, लाल) क्रमात येतो.

ब्लर (धूसर) करायचा असेल तर एकदम घट्ट कापू नका. १५ चा कर्नल (ब्लर करताना एका वेळी बघायचा १५ बाय १५ पिक्सेलचा चौकोन) असेल तर चारही बाजूंनी ७ पिक्सेल जास्त घ्या, ब्लर करा, मग ते ७ काढून टाका, नाहीतर कडेला खरे शेजारी न मिळाल्यानं तो आतलेच पिक्सेल उलटे लावून काम भागवतो.

सिलेक्ट आरओआयला खिडकी लागते, त्यामुळे गूगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमध्ये चालणारं पायथन) किंवा हेडलेस, म्हणजे खिडकी नसलेल्या ओपनसीव्हीवर ते चालत नाही, निवडायचं काम घरच्या लॅपटॉपवर करून आकडे जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सेव्ह करा. आणि शंभर-दोनशे फोटोंवर कोड सोडायच्या आधी सेव्ह केलेला चौकोन पहिल्या पाच-सहा मूळ फोटोंच्या प्रतीवर काढून, स्वतःच्या डोळ्यांनी पान आत आहे का ते बघा.