शाळेचा डबा: सकाळची धांदल रात्रीच कमी करा

डब्याची घाई सकाळी होते, कारण काय द्यायचं हे तेव्हाच ठरवलं जातं. रविवारी पाच दिवसांची यादी लिहून फ्रिजवर चिकटवा. भाज्या आदल्या रात्री चिरून, पुसून कोरड्या ठेवा, बाटली आणि चमचाही तेव्हाच काढून ठेवा. सकाळी फक्त शिजवणं आणि भरणं उरतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते झाकण लावताना. गरम पदार्थावर लगेच झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि सगळं गचगचीत होतं. पसरट ताटलीत दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. गरमच द्यायचं असेल तर थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी पाच-दहा मिनिटं ठेवा, ते ओतून वाफाळता पदार्थ काठोकाठ भरा. थंड किंवा अर्धवट भरलेला डबा उष्णता लवकर गमावतो. कोमट अन्न मात्र धोक्याचं. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दही, अंडी, मांस यांच्यासोबत गोठवलेला आइसपॅक हवाच.

सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून पाच मिनिटं बुडवा, मग धुवा. लवकर काळ्या पडत नाहीत. लहान मुलांसाठी द्राक्षं उभी चिरा, अख्खी घशात अडकतात.

डबा उरला तर रागावू नका, आधी घड्याळ बघा: बऱ्याचदा सुट्टीच अपुरी पडते. लहान घास करून द्या, आणि झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का हे घरीच तपासा.