सिलिकॉन रबर आणि अतिनील लेसर: या कामात येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "ताई, लेसर कुठं मिळेल?" मी त्यांना सांगते, लेसरचं नंतर बघू, आधी पाण्याचा थेंब नीट मोजायला शीक. सिलिकॉन रबराचा पृष्ठभाग अतिनील लेसरनं बदलायचा आणि त्यावर पाणी कसं वागतं ते बघायचं, हा आमचा विषय. त्यातलं निम्मं काम थेंबापाशीच आहे आणि ते बेळगावात राहूनही शिकता येतं.

सिलिकॉन रबर पाण्याला जवळ येऊ देत नाही. विजेच्या लाइनवर जे करड्या रंगाचे पॉलिमर इन्सुलेटर दिसतात, त्यांत हाच गुण वापरलेला असतो. आपल्याकडच्या पावसातही त्यांच्यावर पाण्याचा सलग थर धरत नाही. पण याच गुणामुळे त्यावर रंग बसत नाही, गोंद धरत नाही. आत सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी आणि बाजूला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन), अशी त्याची रचना. लेसरनं हे मिथिल गट तोडले आणि तिथं ऑक्सिजन जोडला गेला, की वरचा पातळ थर काचेसारखा होत जातो आणि पाणी त्यावर पसरतं. ऊर्जा वाढवली तर मात्र पृष्ठभाग उडू लागतो, खडबडीत होतो, आणि कधी कधी उलटंच घडतं: स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूनं जो कोन करते तो, १५० अंशांच्या वर जातो आणि थेंब टिकतच नाही, घरंगळतो. तेच रबर, तोच लेसर, फरक फक्त दर चौरस सेंटिमीटरला किती ऊर्जा दिली याचा. म्हणून पल्सची, म्हणजे लेसरच्या एका झोताची ऊर्जा आणि त्याच्या ठशाचं क्षेत्रफळ, दोन्ही स्वतः मोजा. मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

तरंगलांबीबाबत नव्या माणसाची हमखास गल्लत होते. सिलिकॉन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एक छोटं एकक) लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजनला सुमारे ४.६. आता ३५५ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, ३.५ असतात, म्हणजे कागदावर पहिला बंध तुटायला हवा. पण शुद्ध, पारदर्शक सिलिकॉन रबर हा प्रकाश जवळपास शोषतच नाही, तो आरपार निघून जातो. फोटॉनमध्ये ऊर्जा असणं वेगळं आणि रबरानं तो शोषणं वेगळं. १९३ नॅनोमीटरच्या आर्गॉन फ्लोराइड लेसरचा फोटॉन ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि रबर तो ३५५ पेक्षा जास्त शोषतं, म्हणून तो इथं उपयोगी पडतो. डोळ्यांच्या लेसिक शस्त्रक्रियेत हीच तरंगलांबी वापरतात. १५७ नॅनोमीटरला तर हवाच प्रकाश खाऊन टाकते, तिथं निर्वात पोकळी किंवा नायट्रोजन लागतो.

आता थेंब. तीन-चार मायक्रोलिटरचा थेंब, मागून पसरट उजेड, कॅमेरा नमुन्याच्या बरोबर पातळीत. मॅक्रो लेन्स लावलेला मोबाइल चालतो, कोन काढायला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नमुना ठेवायची सपाट पट्टी आणि वर-खाली होणारा स्टँड उद्यमबागेतला कुठलाही लेथवाला करून देईल. थेंब सोडायला इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्या आत सिलिकॉन तेलाचा हात असतो, ते थेंबात उतरतं आणि कोन बिघडवतं. बायोटेक विभागाकडून मायक्रोपिपेट मागून घ्या. डावा कोन आणि उजवा कोन दोन्ही लिहा. न प्रक्रिया केलेल्या रबरावर १०५ ते ११० अंशांच्या आसपास यायला हवं. येत नसेल तर पुढं जाऊ नका, आधी नमुना स्वच्छ करा. नमुने ओतताना लॅटेक्सचे हातमोजे टाळा, त्यातल्या गंधकानं रबर घट्ट करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो आणि रबर चिकटच राहतं. नायट्राइलचे घ्या.

लेसर मारल्यावर लगेच कोन ३० अंशांवर आला म्हणून काम झालं असं नाही. आतल्या सुट्या, आखूड साखळ्या हळूहळू वर येतात आणि रबर पुन्हा पाणी झटकू लागतं. म्हणून तासाभरानं, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं मोजायचं. हेक्झेन या द्रावकात भिजवून त्या साखळ्या आधीच काढल्या तर हे परतणं मंदावतं. या विषयातला मला सगळ्यात जवळचा भाग हाच. इथं लेसर बंद झाल्यावरही पदार्थ बदलत राहतो, आणि तो बदल धीरानं मोजणाऱ्यालाच दिसतो.

लेसर नसेल तर १८५ आणि २५४ नॅनोमीटर देणारा पाऱ्याचा दिवा असलेलं यूव्ही-ओझोन क्लीनर शोधा. बदल त्याच दिशेनं होतो, फक्त वेग कमी. डोळ्यांना आणि कातडीला हा प्रकाश जाळतो आणि दिसतही नाही, ओझोन फुप्फुसांना वाईट. झाकण उघडं ठेवून दिवा कधीही लावायचा नाही. एक्सायमर लेसरजवळ (वरचा आर्गॉन फ्लोराइड याच जातीचा) गेलात तर त्यात फ्लोरीन वायू असतो, गॅस बदलताना जाणत्या माणसाशिवाय हात लावू नका.

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, ही आपल्या भागातली खरी अडचण. पण पृष्ठताण, शोषण, बंधऊर्जा या कल्पना मराठीत पक्क्या असतील तर इंग्रजी पेपर वाचणं सवयीनं जमतं. नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा द्या. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, घरी पैसे मागावे लागत नाहीत. लेसरच्या कामासाठी इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटींकडे बघा. पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.साठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे.

मार्गदर्शकांना मेल कराल तेव्हा मार्कशीटसोबत स्वतः काढलेला एक आलेख जोडा: दिवस आणि स्पर्शकोन, प्रक्रिया केलेला नमुना आणि न केलेला. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील. सातव्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती, असं कुणी विचारलं तर उत्तर वहीत असायला हवं, कारण बेळगावच्या जुलैतली हवा आणि मार्चमधली हवा एक नव्हे.