पेंढा भरलेल्या पक्ष्याची पिसं चिकटलेली दिसू नयेत म्हणून

पहिल्यांदा तितर किंवा बदकात पेंढा भरताना बहुतेकांचं बिनसतं ते पिसांपाशी. कातडं धुतलं की पिसांचे ओले झुपके होतात आणि वाळल्यावरही तसेच राहतात. (पक्षी कायद्याने बाळगता येणारा आहे, हे गृहीत धरलंय.)

१. कातड्याच्या आतल्या बाजूची चरबी बोथट सुरीने खरवडून काढा. पिसांच्या मुळांमधली तर नक्कीच, कारण तीच पुढे पिवळी होऊन झिरपते. बदकाला इथे दुप्पट वेळ द्या.

२. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात काढा, गरम पाण्याने ते पक्के बसतात. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा आणि फेस जाईपर्यंत खळबळा.

३. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबा.

४. आता खरी युक्ती. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवा आणि झोत पिसांच्या उलट दिशेने, मुळाशी सोडा. दुसऱ्या हाताने पिसं सतत हलवत राहा. आधी आतली मऊ लव फुलू द्या, वरची पिसं मग आपोआप जागेवर बसतात. कंटाळवाणं काम आहे, पण मध्येच सोडलंत तर ती जागा शेवटपर्यंत ओळखू येते.

जपायचं ते एवढंच: गरम हवा नको. कातडं आकसतं आणि पक्ष्याच्या धडाच्या आकाराच्या साच्यावर ओढताना फाटतं. डोकं व पाय तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.